दोन दिवसांचा घरगुती स्वयंपाकवर्ग आणि रविवारचे जेवण : आखणीपासून उरलेल्या अन्नापर्यंत

चार मित्रांनी मिळून शनिवारी स्वयंपाक शिकायचा आणि रविवारी आणखी काही जणांना जेवायला बोलवायचे, हा बेत ठरतो उत्साहाने आणि फसतो बहुतेक वेळा एकाच कारणाने. शिकणे आणि वाढणे ही दोन कामे एकाच वेळी, एकाच ओट्यावर उरकण्याचा प्रयत्न केला जातो. शिकणाऱ्याला चुकायला, थांबायला आणि पुन्हा करून पाहायला वेळ लागतो. पाहुण्यांची वेळ मात्र ठरलेली असते. म्हणून या लेखातली सगळी आखणी एका नियमावर उभी आहे : रविवारच्या पानातले कष्टाचे काम शनिवारच्या वर्गातच पूर्ण व्हायला हवे आणि रविवारी फक्त भाजणे, गरम करणे आणि वाढणे उरायला हवे.

## टप्पा १ : माणसे, ओटा आणि आच मोजणे

पदार्थ ठरवण्याआधी स्वयंपाकघर मोजावे. प्रत्येक शिकणाऱ्याला चिरण्यासाठी एक पाट, एक सुरी आणि साधारण दोन फूट मोकळा ओटा किंवा टेबल मिळायला हवे. बहुतेक घरांत एवढी जागा पाच-सहा जणांनाच पुरते. यजमान धरून सहापेक्षा जास्त माणसे वर्गाला घेऊ नयेत, कारण सातव्या माणसाला बघत उभे राहावे लागते आणि तो पाऊण तासात स्वयंपाकघरातून बाहेर पडतो. रविवारी जेवायला मात्र दहापर्यंत माणसे चालतात.

त्यानंतर कागदावर शेगडीची तोंडे, ओव्हनचे कप्पे आणि फ्रिजमधली मोकळी जागा लिहावी. फ्रिजची नोंद हमखास राहून जाते आणि शनिवारी संध्याकाळी मोठे पातेले कुठेच बसत नाही.

पाहुण्यांना विचारायचे दोन प्रश्न. “काय चालत नाही?” एवढेच विचारून थांबू नये; “ते खाण्यात आले तर काय होते?” हेही विचारावे. न आवडणे, न खाणे आणि जिवावर बेतणारी ॲलर्जी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगदाणे, सुका मेवा, तीळ, अंडी, दूध आणि गहू यांपैकी कशाचीही गंभीर ॲलर्जी असलेला माणूस येणार असेल, तर तो घटक त्या दोन दिवसांत घरात वापरूच नये. सहा जणांच्या हातांत फिरणाऱ्या चमच्यांवर लक्ष ठेवणे शक्य नसते.

## टप्पा २ : पदार्थांची निवड

प्रत्येक पदार्थ कोणत्या दिवशी, कोणत्या आचेवर आणि किती वेळ जागा अडवणार, हे पाहून निवड करावी. माझ्या अनुभवात पुढील रचना सर्वांत कमी धोक्याची आहे : हाताने शिकण्यासारखा एक पदार्थ, रात्रभर ठेवल्यावर अधिक चांगला लागणारा एक, ओव्हनमध्ये स्वतःचे स्वतः होणारा एक, आणि थंडच वाढायचा एक. या लेखात उदाहरण म्हणून फ्रिजमध्ये रात्रभर आंबवलेला पाव, भरपूर कांद्यातला राजमा, भाजलेल्या भाज्या आणि फळांसोबत थंड कस्टर्ड घेतले आहे. पदार्थ बदलले तरी क्रम तोच राहतो.

पहिल्यांदा मी असा बेत आखला तेव्हा आठ जण होते, पाच पदार्थ होते आणि त्यांतल्या तीन पदार्थांना ओव्हन लागत होता. तिन्ही पदार्थ वेगवेगळ्या तापमानाचे आहेत, हे मी यादीवर वाचले होते, पण त्याचा अर्थ लक्षात घेतला नव्हता. एक वाजताचे जेवण साडेतीनला झाले आणि पाव आतून ओला होता. तेव्हापासून ओव्हनमध्ये जाणारे पदार्थ मी दोनच ठेवतो आणि ते एकामागून एक करतो.

दोन इशारे. यजमानाने स्वतः एकदाही न केलेला पदार्थ या दोन दिवसांत ठेवू नये. आणि प्रमाण दुप्पट केले म्हणजे सगळेच दुप्पट होते, असे समजू नये. वाफ होऊन उडणारे पाणी भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असते, त्यामुळे त्याच भांड्यात दुप्पट रस्सा केला, तर पाणी दुप्पट लागत नाही. मीठ हिशेबाच्या पाऊणपट घालून बाकीचे शेवटी चाखून घालावे.

## टप्पा ३ : शुक्रवार रात्रीपर्यंतची तयारी

या टप्प्यावर कुणी शिकत नसते, म्हणून तो टाळला जातो आणि शनिवारचा पहिला तास वजने करण्यात व सुऱ्या शोधण्यात जातो. शुक्रवारी रात्री पुढील कामे पूर्ण असावीत.

१. अर्धा किलो राजमा निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालावा.

२. पावाचे साहित्य तराजूवर मोजून वेगळे ठेवावे : मैदा १ किलो, पाणी ६५० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, इन्स्टंट ड्राय यीस्ट ५ ग्रॅम. वाटीने मोजू नये, कारण पीठ दाबून भरले की सैल भरले यावर वाटीतले वजन बदलते.

३. सुऱ्यांना धार लावावी. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, ती कांद्यावरून घसरते आणि बोटावर येते.

४. फ्रिजचा एक पूर्ण कप्पा रिकामा करावा आणि आतले तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आहे ना, हे पाहावे.

५. प्रत्येक पाटाखाली घालायला एकेक जाड फडके काढून ठेवावे. ओले करून पिळलेले फडके खाली असले की पाट हलत नाही.

तपासणी. झोपण्यापूर्वी प्रत्येक पदार्थाची कृती एकदा वाचावी आणि तिच्यात आलेले प्रत्येक भांडे खरोखर घरात आहे का, ते हातात घेऊन पाहावे. एकच मोठे पातेले दोन पदार्थांसाठी धरलेले असते, ते याच वेळी उघडकीला येते.

## टप्पा ४ : शनिवार, वर्गाचा दिवस

### सुरुवातीची पाच मिनिटे : आग आणि भाजणे

सुरी हातात देण्यापूर्वी सगळ्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. तेलाने पेट घेतला तर आच बंद करून भांड्यावर झाकण सरकवावे आणि ते तसेच राहू द्यावे. त्यावर पाणी कधीही ओतू नये आणि पेटलेले भांडे उचलू नये. कुणाला भाजले तर तो भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, लोणी किंवा टूथपेस्ट लावू नये. जळणाऱ्या आचेवर यजमानाची नजर कायम असेल, हेही तेव्हाच ठरवावे.

### ४.१ पीठ आधी भिजवावे, सुरी नंतर

बहुतेक जण सुरीने सुरुवात करतात आणि पीठ मागे पडते. क्रम उलटा हवा. मैदा, पाणी आणि यीस्ट एकत्र करून कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंत कालवावे आणि झाकून ३० मिनिटे ठेवावे. या वेळात पीठ पाणी शोषते आणि मळण्याचे निम्मे काम आपोआप होते. मीठ नंतर घालायचे असल्याने ते विसरण्याचा धोका मोठा आहे. त्यासाठी मोजलेल्या मिठाची वाटी पिठाच्या झाकणावरच ठेवावी, म्हणजे झाकण काढताना ती उचलावीच लागते.

### ४.२ सुरीचा पाठ

पीठ मुरत असताना हा पाठ घ्यावा. एकच कांदा यजमानाने काही न बोलता, सावकाश चिरून दाखवावा. बोलत बोलत दाखवले की लोक चेहऱ्याकडे पाहतात, हाताकडे नाही. नंतर तेच पुन्हा बोलून दाखवावे. धरणाऱ्या हाताची बोटांची टोके आत वळलेली आणि अंगठा मागे असावा, आणि सुरीचे पाते बोटांच्या मधल्या पेरांना टेकून खाली यावे. कांद्याचे मूळ शेवटपर्यंत कापू नये, कारण तेच पाकळ्या एकत्र धरून ठेवते.

त्यानंतर प्रत्येकाने तीन कांदे चिरावेत. पहिला वाकडातिकडा होतो, दुसऱ्याला हात भीत असतो, तिसऱ्याला तो स्थिरावतो. यजमानाने सुरी काढून घेऊन “असं कर” म्हणण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. शिकणाऱ्याच्या हातातले काम काढून घेणे ही घरगुती वर्गातली सर्वांत मोठी चूक आहे आणि ती प्रेमानेच केली जाते.

तपासणी. प्रत्येकाच्या पाटावरचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. तुकडे लहान की मोठे हे महत्त्वाचे नाही, सारखे आहेत का हे महत्त्वाचे आहे. असमान तुकड्यांतला बारीक करपतो तेव्हा जाड अजून कच्चा असतो.

### ४.३ मळणे

मीठ घालून पीठ १० ते १२ मिनिटे मळावे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पीठ हाताला चिकटते म्हणून वरून मैदा घालत राहणे. पहिली तीन-चार मिनिटे ते बोटांना, तळव्याला आणि ओट्याला चिकटणारच, आणि शिकणारा “पाणी जास्त झालं का?” असे विचारणारच. साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला पीठ ओटा सोडू लागते. खाली राहिलेले तुकडे ते स्वतःच टिपून घेते आणि दाबल्यावर हळूहळू वर येते. तो बदल प्रत्येकाला स्वतःच्या तळव्याखाली जाणवायला हवा, म्हणून पाळीपाळीने दोन-दोन मिनिटे मळण्यापेक्षा पिठाचे भाग करून प्रत्येकाला एक गोळा द्यावा आणि शेवटी सगळे गोळे एकत्र करावेत.

तपासणी. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी अलगद ताणावा. तो न फाटता पातळ पडद्यासारखा होऊन त्यातून उजेड दिसला, तर मळणे पुरे झाले. लगेच फाटला तर आणखी तीन मिनिटे मळावे.

मळलेले पीठ तेल लावलेल्या, दुपटीहून मोठ्या भांड्यात झाकून एक तास बाहेर आणि मग उद्या सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावे. थंडीत यीस्टचे काम मंदावते आणि चव वाढायला वेळ मिळतो. शिवाय रविवारी पहाटे उठून पीठ मळण्याची गरज उरत नाही.

### ४.४ कांदा आणि राजमा

राजमा भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात राजम्याला खळखळून उकळी आणून ती किमान १० मिनिटे, शक्यतो ३० मिनिटे टिकवावी. ही पायरी ऐच्छिक नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचे एक विषारी द्रव्य असते, ज्याने उलट्या आणि जुलाब होतात. ते कडक उकळीने निकामी होते, पण नुसत्या मंद आचेवर तासन् तास ठेवल्याने होत नाही. उकळी झाल्यावर आच कमी करून राजमा मऊ शिजवावा. टोमॅटो किंवा कोणताही आंबट घटक तो पूर्ण मऊ झाल्यावरच घालावा, कारण आंबटपणामुळे दाण्यांचे साल मऊ होण्याचे थांबते. “दोन तास झाले तरी शिजत नाही” या तक्रारीमागे बहुतेक वेळा लवकर घातलेला टोमॅटो किंवा फार जुना राजमा असतो.

त्याच वेळी शेजारच्या तोंडावर एक किलो चिरलेला कांदा रुंद भांड्यात परतायला घ्यावा. कृतींमध्ये “पाच मिनिटांत कांदा तपकिरी करा” असे लिहिलेले असते. एवढ्या कांद्याला मध्यम-मंद आचेवर ४० ते ५० मिनिटे लागतात. कांद्यात पाणी आहे तोपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि रंग व भाजका वास भराभर येऊ लागतात ते साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे आधी पाणी जायला हवे. वर्गाने शेगडीभोवती उभे राहून हे टप्पे पाहावेत : कांदा पारदर्शक होतो, मग बसतो, मग पिवळसर होतो, आणि बऱ्याच वेळाने कडेच्या तुकड्यांना तपकिरी रंग चढू लागतो. आवाजही बदलतो, सुरुवातीची ओली खदखद जाऊन कोरडे तडतडणे ऐकू येते. तळाला तपकिरी थर धरला की दोन चमचे पाणी घालून तो उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळावा. त्या थरात चव असते. तो काळा झाला, तर मात्र खरवडू नये. वरचा चांगला कांदा दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा.

घाई झाली म्हणून आच मोठी करणे ही इथली नेहमीची चूक आहे. तिने कडा करपतात आणि मधला कांदा कच्चा राहतो.

मऊ राजमा, कांदा आणि टोमॅटो एकत्र करून अर्धा तास मंद आचेवर ठेवावे. चाखण्यासाठी दोन चमचे ठेवावेत : भांड्यातल्या चमच्याने दुसऱ्या चमच्यात घ्यावे आणि त्या दुसऱ्यानेच चाखावे. उष्टा चमचा परत पातेल्यात गेला, तर रात्रभर ठेवायचे अन्न त्यानेच बिघडू शकते.

### ४.५ कस्टर्ड

दुपारच्या विश्रांतीनंतर हे घ्यावे, कारण त्याला एकाग्रता लागते आणि ते २० मिनिटांत होते. एक लिटर दुधाला सहा अंड्यांचे पिवळे बलक, १५० ग्रॅम साखर आणि ६० ग्रॅम कॉर्नफ्लोअर घ्यावे. बलक, साखर व कॉर्नफ्लोअर फेटून त्यात गरम दूध आधी पळी-पळीने आणि मग धारेने घालावे. उलट, बलक उकळत्या दुधात ओतले तर त्यांच्या गुठळ्या होतात. हे मिश्रण परत आचेवर ठेवून, सतत ढवळत, बुडबुडे येऊ लागल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्यावे. घट्ट झाले म्हणून आधीच उतरवले, तर बलकातले एक विकर (एन्झाइम) कॉर्नफ्लोअरची घट्टी मोडत राहते आणि सकाळी कस्टर्ड पातळ झालेले आढळते. साय धरू नये म्हणून प्लॅस्टिकचा पातळ कागद थेट पृष्ठभागाला टेकवून झाकावे.

## टप्पा ५ : शनिवारची संध्याकाळ

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. मोठे पातेले झाकून ओट्यावर “निवत” ठेवणे धोक्याचे आहे, कारण त्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि जंतूंना तेवढे पुरते. राजमा दोन-तीन पसरट भांड्यांत काढावा, ती भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून ढवळावे आणि वाफ गेली की फ्रिजमध्ये ठेवावीत.

रात्रीसाठी वेगळा स्वयंपाक करू नये; त्यातलाच वाटीभर राजमा सगळ्यांनी चाखून मिठाचा निर्णय घ्यावा. भांडी रात्रीच घासावीत. खरकट्या ओट्याने सुरू झालेला रविवार शेवटपर्यंत मागेच राहतो.

## टप्पा ६ : रविवारचे वेळापत्रक, उलट्या क्रमाने

वाढण्याची वेळ आधी लिहावी आणि तिथून मागे यावे. दुपारी १ वाजता वाढायचे असेल, तर :

- १:०० – जेवायला बसणे
- १२:५५ – भाज्या ताटात काढणे, पाव कापणे
- १२:१५ – राजमा गरम करायला ठेवणे
- १२:१० – भाज्या ओव्हनमध्ये
- ११:२५ – दोन पाव ओव्हनमध्ये, २३० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे
- १०:४५ – ओव्हन लावणे
- १०:०० – पिठाचे दोन भाग करून आकार देणे
- ९:०० – पीठ फ्रिजबाहेर काढणे

पाव ओव्हनमधून निघण्यापासून कापण्यापर्यंत जवळपास एक तास जातो, आणि तो तास मुद्दाम ठेवलेला आहे. गरम पाव कापला तर आतला भाग चिकट राहतो.

पाव आत घालण्यापूर्वीची तपासणी. पिठाला बोटाने अर्धा सेंटिमीटर दाबावे. खळगा लगेच भरून आला, तर थांबावे. हळूहळू अर्धवट भरला, तर ओव्हनमध्ये घालावे. भरलाच नाही, तर वेळ उलटून चालली आहे, ताबडतोब घालावे. थंड हवेत या पायरीला अर्धा तास जास्त लागू शकतो, म्हणून घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा आणि वेळापत्रकात तेवढी सवड ठेवावी. भाजून झालेल्या पावाच्या मध्यभागी थर्मामीटर ९३ ते ९६ अंश दाखवतो.

ओव्हनच्या दिव्याबद्दल. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती नव्हेत. दिवा विझल्यावर आणखी १५-२० मिनिटे जाऊ द्यावीत.

भाज्यांसाठी पाव निघताच ओव्हन २२० अंशांवर आणावा. भाज्या धुतल्यावर फडक्याने कोरड्या कराव्यात, तेल-मीठ चोळावे आणि ट्रेमध्ये एकाच थरात, मध्ये मोकळी जागा सोडून पसराव्यात. एकमेकींवर पडलेल्या भाज्या भाजत नाहीत, वाफेत शिजतात. बटाटा आणि गाजर एका ट्रेमध्ये, सिमला मिरचीसारख्या लवकर होणाऱ्या भाज्या दुसऱ्या ट्रेमध्ये आणि वीस मिनिटे उशिरा घालाव्यात.

राजमा नुसता कोमट करू नये. तळापासून ढवळत, सगळीकडे ७५ अंशांच्या वर जाईपर्यंत तापवावा. रात्रभर तो घट्ट झालेला असतो, म्हणून लागेल तसे उकळते पाणी घालावे आणि मीठ त्यानंतरच शेवटचे चाखावे.

## टप्पा ७ : पाहुणे आल्यावर

यजमानांमधल्या एकाने स्वयंपाकघर आणि एकाने बैठक सांभाळावी, आणि ही वाटणी सकाळीच ठरवावी. दोघेही आत असले, तर पाहुणे दारात अवघडतात. दोघेही बाहेर असले, तर राजमा खाली लागतो. आल्यावर दहा मिनिटांत पाण्यासोबत काहीतरी हलके खायला ठेवावे. वेळापत्रक अर्धा तास घसरले, तर तेवढ्याने निभावते.

शनिवारी शिकलेल्या प्रत्येकाकडे पाहुण्यांसमोर करण्याचे एक छोटे काम ठेवावे : पाव कापणे, कस्टर्डवर फळे लावणे, भाज्या ताटात मांडणे. आचेवरचे काम मात्र त्या वेळी नव्याने कुणालाही देऊ नये. सर्वांत वाईट सवय म्हणजे यजमानाने शेवटपर्यंत उभे राहून वाढत राहणे. पदार्थ मध्यभागी ठेवावेत, आच बंद करावी आणि बसावे. यजमान उभा असला, तर पाहुणे घाईने जेवतात.

## टप्पा ८ : जेवणानंतर

उरलेले अन्न गप्पा संपण्याची वाट न पाहता, वाढल्यापासून दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावे. एकदा परत तापवलेला राजमा पुन्हा पुन्हा तापवू नये. लागेल तेवढाच काढून गरम करावा आणि दोन दिवसांत संपवावा. कस्टर्ड टेबलावर बराच वेळ राहिले असेल, तर टाकून द्यावे. पाव फ्रिजमध्ये ठेवू नये, तिथे तो लवकर शिळा होतो. त्याच्या फोडी करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि लागतील तशा थेट भाजून घ्याव्यात.

आणि भांडी वाळत असतानाच वेळापत्रकाचा तो कागद हातात घ्यावा. ठरवलेल्या प्रत्येक वेळेसमोर ती गोष्ट खरोखर किती वाजता झाली ते लिहावे, कारण आपल्या ओव्हनला आणि आपल्या शेगडीला किती वेळ लागतो, हे दुसऱ्या कुणाच्याही कृतीत लिहिलेले नसते.